ऊन खाणं

बेटावरून बाहेर पडायचं तर समुद्राखालून जावं लागतं.
वारदोचा बोगदा, तीन किलोमीटरला जरा कमी.
उतार संपून चढ लागतो तिथे
भिंती पाझरतात.
माझ्या गाडीचा एक दिवा गेलेला,
उरलेला ओल्या दगडावरून सरकत होता
आणि मला एकटीलाच हसू फुटलं:
उद्या सकाळी हेच माझ्यात करायचंय त्यांना.

रात्र किर्केनेसला, नणंदेकडे.
चार लिटर खारट पाणी, ग्लासामागून ग्लास.
एकतीस वर्षं कॉडची पोटं साफ केली मी,
पाळीला हजार तरी.
सुरी फिरवायची, आतडी डावीकडे,
कलेजी वेगळ्या पिंपात.
आता माझी पाळी.
(दुसरी ती पाळी जाऊन सहा वर्षं झाली.
तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं
ते रक्त तपासल्यावर कळतं.)

त्या कलेजीच्या पिंपातून आमचं ऊन यायचं.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य बुडायचा तो जानेवारीपर्यंत,
आणि आई चमचा घेऊन उभी, आम्ही पाचजण ओळीत.
ओडवार दात आवळून धरायचा.
"गिळ, ऊन आहे ते," म्हणत ती त्याचं नाक दाबायची.
दिवसभर ढेकरांना माशाचा वास.
बोटीवर कामाला लागला त्या दिवशी ओडवार म्हणाला,
पुरे आता.
एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. मोठं आतडं.
चमचा सोडला म्हणून गेला, असं मी म्हणणार नाही.
मनात येतं, ते निराळं.

डॉक्टर साबा टेस्फाय मूळची अस्माराची.
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
गुलाबी, ओलसर, वळणामागे वळण,
आणि एका वळणावर देठासकट कोंब,
तळघरातल्या बटाट्याला मार्चमध्ये फुटतो तसा.
पुढे अजून एक, चपटा, लाजरा.
तारेचा फास. चिमूटभर धूर.
दुखलं नाही. वाईट मात्र वाटलं,
का ते सांगता येत नाही.

मग कागद. ड जीवनसत्त्व एकोणीस.
"पन्नास तरी हवं.
गळ्यातल्या चार ग्रंथी, तांदळाएवढ्या,
त्या सारख्या हाडांकडे चुना मागतायत.
त्यांचं हार्मोन दुपटीवर गेलंय."
मी विचारलं, म्हणून कोंब?
तिने पेन खाली ठेवलं.
"ऊन कमी असलेल्यांत कोंब जास्त दिसलेत, काही पाहण्यांत.
पण बाटलीतलं ऊन पाजून ते थांबतात का,
तेही पाहिलं लोकांनी. धडपणे दिसलं नाही तसं.
हाडांसाठी घ्या.
आणि तीन वर्षांनी या, परत बघू."

एवढं खरं बोलणारं माणूस
मला त्या इस्पितळात पूर्वी भेटलं नव्हतं.
निघताना तिने खण उघडून स्वतःची बाटली दाखवली.
"मलाही पुरत नाही इथलं.
घरी आम्ही दुपारी भिंतीला चिकटून चालायचो,
सावली सांडू नये म्हणून."

आठवड्याने किल्ल्याच्या तटावर सगळं गाव.
सूर्य अख्खा दिसला तरच तोफ उडते
आणि तोफ उडाली तरच शाळेला सुट्टी.
अर्धा आला. पाऊण आला.
मग ढगाची एक घाणेरडी पट्टी.
तोफेपाशी बिर्गरने घड्याळ पाहिलं, मान हलवली: उद्या.
पोरं रडकुंडीला आली.

एप्रिलपर्यंत या उन्हात काही नसतं, साबा म्हणाली होती,
नुसता उजेड.
तरी मी मफलर सोडला, गळा उघडा टाकला,
त्या चार दाण्यांना दिसेल असा,
आणि डोळे मिटून खाल्लं
जेवढं होतं तेवढं.

घरी येऊन चमचा भरला.
नाक दाबायला कुणी नव्हतं.
माझं मीच दाबलं.